उभ्या गाडीचं इंजिन: किनाऱ्यावरची जुनी येझदी घरी बांधताना

कोकणात जुनी मोटरसायकल शोधायला फार लांब जावं लागत नाही. दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या मांगरात, लाकूडफाट्याच्या शेजारी, ताडपत्रीखाली एखादी जावा किंवा येझदी उभी असते. वडिलांनी नाहीतर काकांनी हौसेने घेतलेली. पुढे ते मुंबईला गेले किंवा वय झालं आणि गाडी थांबली ती थांबलीच. अशी गाडी पुन्हा चालू करायचं मनात आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘बोअर मारा, नवीन पिस्टन टाका, पळेल.’ (बोअर मारणं म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक कापून नव्या, मोठ्या मापाचं करणं.) सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण समुद्राजवळ वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेवढ्याने भागत नाही. बऱ्याचदा नव्या पिस्टनचे पैसेही त्यात जातात. चालून चालून झिजलेलं इंजिन वरच्या बाजूने खराब होतं, उभं राहून खराब झालेलं इंजिन खालच्या बाजूने. हा फरक एकदा नीट कळला की बाकीचं काम कुठून सुरू करायचं ते आपोआप कळतं.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा २५० बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिच्याच धर्तीवरची गाडी येझदी नावाने आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, बोअर म्हणजे त्याचा आतला व्यास ६५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ७५ मिमी, म्हणजे साधारण २४९ सीसी. त्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. व्हॉल्व नाहीत, कॅम नाही, इंजिनाला सहसा ऑइल पंप नाही. पिस्टन, क्रँक म्हणजे खाली फिरणारा दांडा, आणि या दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड, एवढेच मुख्य हलणारे भाग. (२०२२ मध्ये आलेल्या नव्या येझदीचं इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारं आहे. नाव तेच असलं तरी त्यातला एकही भाग जुन्या इंजिनाला लागत नाही.) भाग इतके थोडे असल्यामुळेच हे इंजिन घरी बांधणं शक्य आहे. मात्र जे थोडे भाग आहेत, त्यांतल्या प्रत्येकाकडे दोन-दोन कामं असतात.

पिस्टनचंच बघा. तो वर जाताना डोक्यावरचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खाली, क्रँक जिथे फिरतो त्या चेंबरमध्ये, कार्बोरेटरमधून नवं मिश्रण ओढून घेतो. स्फोट होऊन खाली येताना तो चेंबरमधलं ते मिश्रण दाबतो आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढवतो. म्हणजे क्रँकचं चेंबर हा नुसता डबा नसून लोहाराचा भाता आहे. भात्याला भोक पडलं की भट्टी पेटत नाही, तसंच इथे चेंबरची हवाबंदी गेली की बाकी सगळं नवं असूनही इंजिन नीट चालत नाही.

ही हवाबंदी क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या ऑइल सील राखतात. डावीकडच्या सीलपलीकडे क्लच, प्रायमरी चेन आणि गिअरचं ऑइल असतं. ती सील गेली की इंजिन ते ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप उतरत जाते. उजवीकडे डायनॅमोच्या बाजूला बाहेरची हवा असते. ती सील गेली तर इंजिन कार्बोरेटरला वगळून फुकटची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, पिस्टन तापतो आणि चढावर इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. धुरामुळे डावीकडचा दोष सगळ्यांच्या लक्षात येतो. उजवीकडचा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. आणि रबर वापराने जितकं खराब होतं तितकंच नुसतं पडून राहिल्यानेही होतं. वीस-तीस वर्षं उभ्या गाडीची सील बोटाने दाबली तर प्लास्टिकसारखी कडक लागते.

आता बेअरिंगकडे येऊ. टू-स्ट्रोकच्या क्रँकला स्वतंत्र तेल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल, जुन्या हिशोबाने लिटरला ४० ते ५० मिली, मिश्रणाबरोबर तुषारांच्या रूपात चेंबरमध्ये येतं आणि तेच बेअरिंगवर बसतं. गाडी चालू आहे तोवर हा थर सतत ताजा होत राहतो. गाडी उभी राहिली की तो सुकतो, ओघळतो आणि पोलाद उघडं पडतं.

किनाऱ्यावर उघडं पोलाद किती टिकतं? मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा त्याच्या वरच असते. इतर महिन्यांतही रात्री आणि पहाटे ती तिथवर जाते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ धातूवर बसलं की त्या जागी रोज रात्री खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. इंजिन बंद असताना पिस्टन कुठे थांबला आहे त्यावर अवलंबून बहुतेक वेळा एक तरी दार उघडं असतं, कार्बोरेटरकडचं नाहीतर सायलेन्सरकडचं. ओलसर हवा आत जाते, पहाटे गारव्याने तिचं पाणी होतं, आणि ते पाणी सगळ्यात खाली, क्रँकच्या तळाशी साठतं.

बेअरिंगच्या गोट्या आणि रोलर आरशासारखे गुळगुळीत असतील तरच भार पेलतात. गंजाने त्यांवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला की प्रत्येक फेऱ्यात तिथे ठोका बसतो, खड्ड्याची कड तुटते आणि खड्डा रुंदावतो. सुटलेला पोलादाचा कण मिश्रणाबरोबर वर चढतो आणि थेट सिलिंडरमध्ये जातो. नवं पिस्टन टाकलेली गाडी थोडे दिवस झकास पळून मग अचानक का खरवडते, त्याचं उत्तर बहुधा इथे असतं. दोष पिस्टनचा किंवा बोअरवाल्याचा नसतो. तळाशी जुनी बेअरिंग तशीच ठेवून वर नवा माल घातलेला असतो.

उघडण्याआधी

इंजिन उघडायचं ते दिवाळीनंतर. शिमग्याच्या आधी ते बांधून झालं तर उत्तम. पावसात उघडलेलं, धुऊन स्वच्छ केलेलं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. बोटांच्या घामातही मीठ असतं, त्यामुळे हाताळलेल्या क्रँकवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजात उमटलेले दिसतात. म्हणून धुतलेला प्रत्येक भाग लगेच पुसून ऑइलचा हात द्यायचा आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचा. रॉकेल मिळालं तर रॉकेलने धुवा, नाहीतर डिझेलने. पेट्रोल वापरू नका. पडवी कितीही मोकळी असली तरी पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि चुलीपर्यंत पोचते.

किक खाली जात नसेल तर तिच्यावर उभं राहू नका. किकचे दात तुटतील आणि पिस्टन तसाच राहील. प्लग काढून भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल यांचं मिश्रण सोडा आणि विसरून जा. दोन-चार दिवसांनी परत घाला. मग डावं कव्हर काढून क्रँकच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने मागे-पुढे करत बघा. जरासा हलला तर तेवढ्यावर थांबा, पुन्हा तेल द्या. घाई केलीत तर गंजून चिकटलेली रिंग बोअरला ओरखडे पाडत सुटते.

स्क्रू ही कोकणातली वेगळीच डोकेदुखी. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये पोलादी स्क्रू आणि मध्ये खारट ओल, असं झालं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखीच क्रिया चालू होते. तीत ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये फुगते आणि स्क्रू जखडतो. इथे साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं घासून टाकण्यापेक्षा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. आधी गरम हवेने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा, मग ठोका. परत बसवताना प्रत्येक आट्याला ग्रीस लावायचंच. चकाकी येते म्हणून स्टेनलेसचे स्क्रू घालणारे खूप आहेत. ग्रीस न लावता घातले तर समुद्राजवळ ते ॲल्युमिनियमला साध्या स्क्रूपेक्षाही जास्त खातात.

काढलेला भाग कुठला, कुठल्या बाजूचा, वॉशर किती होते, याचे फोटो मोबाइलवर काढत जा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या-त्या जागी टोचून ठेवले की गोंधळ होत नाही.

क्रँक: इथे घाई नको

क्रँकवरचं चेनचं चाक आणि डायनॅमोचा आर्मेचर निमुळत्या शाफ्टवर घट्ट चिकटलेले असतात. त्यांना योग्य पुलर लागतो. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही, कारण हा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या एका पिनवर दाबून बसवलेल्या असतात. टोकावर बसलेला एक चुकीचा घाव त्या चकत्या एकमेकींच्या ओळीतून सरकवू शकतो. तसंच चेंबरचे दोन अर्धे सुटे करताना सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. तिथला प्रत्येक ओरखडा म्हणजे उद्याची गळती.

क्रँक हातात आल्यावर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. डाव्या-उजव्या बाजूला थोडा खेळ असतो, तो असायलाच हवा. वर-खाली मात्र अजिबात नको. मग रॉड कानाशी धरून सावकाश फिरवा. गंजलेला रोलर बारीक कुरकुरतो, हाताला खरखर लागते. शंका आली तर शंकेचा फायदा बेअरिंगला देऊ नका. बाजूची मोठी बेअरिंग तर तपासतही बसू नका, सरळ बदला. ती प्रमाणित मापाची असतात, अंगावरचा नंबर दाखवला की कुठल्याही मोठ्या गावच्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. फक्त पिंजरा (गोट्या धरून ठेवणारं कडं) आणि ढिलाईचा वर्ग (आतल्या गोट्यांना किती सैल जागा ठेवली आहे ते) जुन्यासारखाच घ्या.

रॉडच्या मोठ्या, म्हणजे क्रँककडच्या टोकाची पिन आणि रोलर बदलणं हे मात्र घरचं काम नाही. त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो. दाबल्यावर क्रँक दोन टोकांवर फिरवून डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याने) तपासावा लागतो आणि काटा ०.०३ ते ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच जण यासाठी घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातात. तिथे लेथ आणि बोअरिंगची कामं पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. यात कमीपणा काही नाही. घरी बांधणं म्हणजे सगळं घरी करणं नव्हे. काय बिघडलं आहे ते मोजून ओळखणं आणि शेवटी सगळं स्वतःच्या हाताने जुळवणं, हा आपला वाटा. डायलवर किती आलं ते कागदावर लिहून मागा. देणारा देतो.

बेअरिंग चेंबरमध्ये बसवणं मात्र घरी उत्तम जमतं, आणि त्यासाठी हातोडीऐवजी उष्णता वापरायची. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. समजा बेअरिंगची जागा ६२ मिमी व्यासाची आहे. चेंबर ३० अंशांवरून ११० अंशांवर नेलं तर ती जागा एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त मोठी होते. तेवढ्यात बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत उतरतं. चेंबर आधी पूर्ण धुऊन, तेल-पेट्रोलचा वास जाईपर्यंत वाळवून मगच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो तडतडून उडाला म्हणजे पुरेसं तापलं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्तीही चांगली आहे. फक्त आपल्या हवेत ते बाहेर काढताक्षणी त्यावर दव धरतं. म्हणून ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवा आणि बसल्यावर गरम चेंबरमध्येच पुन्हा ऑइल द्या.

चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे गंजाच्या जोडीला गाळ असतो. वाशिष्ठीचा बारीक चिखल बेअरिंगमध्ये शिरला की धुऊन जात नाही, सुकून पॉलिश पेपरसारखा घासतो. पाण्याखाली गेलेलं इंजिन किक न मारता उघडायचं, एवढं लक्षात ठेवा.

बोअर आणि पिस्टन

आता पिस्टनची पाळी. जुना पिस्टन फेकू नका, तो बरंच काही सांगतो. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापलं होतं, बहुधा पातळ मिश्रणामुळे. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर ऑइल कमी पडलं होतं. भोवताली चार ठिकाणी सारखे असतील तर पिस्टन बोअरमध्ये मुळातच घट्ट बसवला होता.

बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. व्हर्नियरवर विसंबू नका, बोअर गेज लागतो. तो नसेल तर बोअरवाल्याकडे जाऊन त्याच्यासमोर मोजून घ्या. पिस्टन ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी वाढत्या मापात येतात. आधी पिस्टन हातात घ्यायचा आणि मग त्याच्या मापाने बोअर मारायचा, उलट नाही, कारण डब्यावर छापलेलं माप आणि खरं माप यांत फरक निघतो. पिस्टन आणि बोअर यांच्यात या आकाराच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला साधारण ०.०५ ते ०.०७ मिमी जागा हवी. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, असं मानणारे अजून आहेत. वर सांगितलेल्या चार ठिकाणच्या ओरखड्यांचं कारण तेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बोटीच्या आणि ट्रॅक्टरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांवर हात बसलेल्या कारागिराच्या लक्षात येईलच असं नाही. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात आणि रिंग त्या खिडक्यांवरून मिनिटाला हजारो वेळा जाते. बोअर मारल्यावर खिडकीची कड ब्लेडसारखी धारदार होते. ती बारीक गोल केली नाही तर रिंग तिच्यात अडकते, तुटते आणि बोअर गेलाच. बोअर करून आणल्यावर प्रत्येक खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून बघा. नख अडकलं तर पॉलिश पेपर घेऊन बसा. याच कारणासाठी पिस्टनच्या खाचेत बारीक खिळा असतो आणि रिंगची फट त्या खिळ्यावरच यायला हवी, म्हणजे रिंग फिरून तिचं टोक खिडकीत जात नाही. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये ठेवून फिलर गेजने फट मोजा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. गजन पिनचे, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनचे, लॉक दर वेळी नवे घ्या. लॉक अगदी स्वस्त असतं, पण ते सुटलं तर पिन बाहेर सरकून सिलिंडर कापते.

हवाबंदी तपासायची ती अशी

इंजिन जुळलं, कव्हरं अजून लावलेली नाहीत, ही वेळ सोडू नका. रक्तदाब मोजायचं फुग्याचं, काट्याचं जुनं यंत्र घ्या. सायलेन्सरची दोन्ही तोंडं आणि कार्बोरेटरचं तोंड जुन्या ट्यूबचं रबर व पट्टी लावून बंद करा. सायलेन्सरच्या एका तोंडावरच्या पट्टीत ट्यूबचा व्हॉल्व बसवून तिथून हवा भरा. पिस्टन सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे चेंबर आणि सिलिंडर जोडलेले राहतात. काटा २५० पर्यंत न्या. त्याहून जास्त नको, सील उलटी होईल. पाच मिनिटांत काटा किंचित उतरला तर चालेल, भराभर पडला तर साबणाचं पाणी घेऊन सील, मधला सांधा, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग आणि हेड एकेक करून तपासा. बुडबुडा येईल तिथे गळती. जी गाडी ‘कार्बोरेटर कितीही जुळवला तरी नीट चालत नाही’ म्हणून बदनाम झालेली असते, तिचा दोष बहुतेक वेळा इथे सापडतो. या तपासणीइतकं स्वस्त आणि उपयोगी काम या सगळ्या बांधणीत दुसरं नाही.

क्लचच्या प्लेटा, चेन आणि गिअर यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झिजलेलं दिसतं, ते बदलायचं. कार्बोरेटर पांढऱ्या भुकटीने भरलेला असेल तर धुऊन, जेटची भोकं तार न घालता हवेने मोकळी करा. तारेने भोक मोठं होतं. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काची, फट साधारण ०.३५ ते ०.४ मिमी. पिस्टन वर पोचण्याआधी किती मिलिमीटरवर तो उघडावा हे आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या. कंडेन्सर नवा घाला.

पहिले काही शे किलोमीटर इंजिनाला तापू द्या, थंड होऊ द्या, पुन्हा तापू द्या. एका वेगात लांब जाऊ नका आणि कुंभार्ली किंवा आंबोली घाटाची हौस पुढे ढकला. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी सोडू नका. मिश्रण बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनाला फिरवत असतात. मधूनमधून थ्रॉटल जरा उघडत राहा.

राहिला पावसाळा. ‘आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो, आणि तो वाईट आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन बाहेर जातं. दोन मिनिटांत ते थंड सिलिंडरवर आणि सायलेन्सरमध्येच साठतं. चालवायची असेल तर अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर चालूच करू नका. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांत ही कामं धरा: टाकीतलं पेट्रोल काढायचं, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची. प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरच्या तोंडातून दोन-दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवायचं, म्हणजे बेअरिंगवर ताजा थर बसतो. मग पिस्टन अगदी वर थांबवायचा, त्याने सायलेन्सरची वाट झाकली जाते. कार्बोरेटरच्या तोंडावर प्लास्टिक बांधायचं, सायलेन्सरच्या दोन्ही टोकांत तेलकट चिंधी कोंबायची आणि गणपतीत गाडी बाहेर काढताना ती आठवणीने काढता यावी म्हणून हँडलला एक चिठ्ठी बांधून ठेवायची.